आई-बाबांना अमेरिकेत राहायला बोलावताना: व्हिसा, आय-९४ आणि मुदतवाढ

माझ्या पहिल्या बाळंतपणाला आई ९ मार्चला आली. बाबांची ऑफिसातली शेवटची कामं उरली होती, म्हणून ते २० एप्रिलला आले. परतीची तिकिटं मात्र दोघांची एकत्र, १२ ऑक्टोबरची. तोपर्यंत बाबांचे सहा महिने पूर्ण होत नव्हते, त्यामुळे सगळं हिशेबात आहे असं आम्ही धरून चाललो. आईच्या पासपोर्टवरचा व्हिसा तर दहा वर्षांचा होता. ऑगस्टच्या २८ तारखेला विमा वाढवायला बसले, त्यासाठी आईचा आय-९४, म्हणजे तिच्या मुक्कामाची सरकारी नोंद, उघडला आणि त्यावर ८ सप्टेंबर ही शेवटची तारीख दिसली. हातात अकरा दिवस होते.

त्या अकरा दिवसांत जे वाचलं, ज्यांना विचारलं आणि पुढे सासूबाई आल्या तेव्हा जे नीट ठरवून केलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. भारतीय पासपोर्टवर, बी-१/बी-२ हा पाहुण्यांचा व्हिसा घेऊन मुलांकडे काही महिने राहायला येणाऱ्या आई-वडिलांसाठी हे आहे. मी वकील नाही. कुणाला पूर्वी व्हिसा नाकारला गेला असेल, आधीचा मुक्काम मुदतीबाहेर गेला असेल किंवा ग्रीन कार्डाचा अर्ज चालू असेल, तर इमिग्रेशन वकिलाला पैसे देऊन एकदा विचाराच.

१. दोन तारखा, दोन अर्थ

बहुतेक घोळ इथेच होतो, म्हणून सगळ्यात आधी हे.

पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा म्हणजे दारापर्यंत येण्याची परवानगी. भारतीयांना तो बहुधा दहा वर्षांचा आणि कितीही वेळा येण्याजाण्याचा मिळतो. त्या दहा वर्षांत विमानात बसून अमेरिकेच्या विमानतळावर उतरता येतं, इतकाच त्याचा अर्थ. आत किती दिवस राहायचं हे विमानतळावरचा सीबीपीचा, म्हणजे अमेरिकेच्या सीमा आणि कस्टम खात्याचा, अधिकारी ठरवतो. त्याने दिलेली तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते आणि मुक्कामासाठी तीच एक तारीख खरी. आई-वडिलांना साधारणपणे सहा महिने मिळतात.

याची दुसरी बाजू अनेकांना माहीत नसते. आई इथे असताना तिचा व्हिसा संपला, पण आय-९४ ची तारीख पुढची आहे, तर काहीही बिघडत नाही. ती त्या तारखेपर्यंत निर्धास्त राहू शकते. उलट व्हिसाची आठ वर्षं शिल्लक आहेत आणि आय-९४ काल संपला, तर आजचा दिवस बेकायदेशीर. मुक्काम एका दिवसाने जरी मुदतीबाहेर गेला तरी तो दहा वर्षांचा व्हिसा कायद्याने रद्द ठरतो आणि पुढचा व्हिसा मायदेशात नव्याने काढावा लागतो. मुदतीबाहेरचा मुक्काम १८० दिवसांच्या वर गेला आणि मग माणूस देश सोडून गेला, तर तीन वर्षं परत येता येत नाही. एक वर्ष किंवा जास्त झालं तर दहा वर्षं. सत्तरीच्या आई-वडिलांच्या बाबतीत दहा वर्षं म्हणजे काय, हे लिहायला नको.

२. पासपोर्ट

मुलाखतीची तारीख शोधण्याआधी दोघांचे पासपोर्ट काढून मुदत बघा. संपूर्ण मुक्काम आणि वर लांबू शकणारे महिने धरून पासपोर्ट चालू असला पाहिजे. संपत आलेला असेल तर आय-९४ ची तारीख पासपोर्टपुरतीच मिळण्याची शक्यता असते आणि मुदतवाढ मागतानाही अडतं. वर्षभराच्या आत संपणार असेल तर आधी नवा करून घ्या.

चालू व्हिसा जुन्या पासपोर्टवर असेल तर तो वाया जात नाही. जुना आणि नवा असे दोन्ही पासपोर्ट घेऊन प्रवास करायचा. जुन्यातलं व्हिसाचं पान फाडायचं किंवा सोडवायचं नाही.

३. डीएस-१६० अर्ज

हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज प्रत्येकाचा वेगळा. आईचा आणि बाबांचा असे दोन. बहुतेक घरांत तो मुलगा किंवा मुलगी इथून भरते, आणि त्यात गैर काही नाही. पण अर्ज भरायला कुणी मदत केली हा प्रश्न अर्जातच आहे, त्याचं उत्तर खरं द्यायचं. शेवटची सही आणि सबमिट आई-वडिलांनी स्वतः करायचं. फोन लावून, स्क्रीन दाखवून, प्रत्येक उत्तर त्यांना वाचून दाखवा. मुलाखतीत अधिकाऱ्यासमोर हाच अर्ज उघडा असतो. आपण काय भरलं हे आईला ठाऊक नसेल तर ती गोंधळते, आणि तो गोंधळ काहीतरी लपवल्यासारखा दिसतो.

अर्ज भरताना लोक कुठे चुकतात:

नाव. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं. पासपोर्टवर ते पहिल्या नावाच्या रकान्यात आहे की नाही ते बघा आणि अक्षर न् अक्षर तसंच भरा. लग्नाआधीचं नाव विचारतात तिथे ते द्या.

जुना इमिग्रेशन अर्ज. तुमच्यासाठी कधी कुणी इमिग्रेशनचा अर्ज केला होता का, असा प्रश्न असतो. आपण पटकन ‘नाही’ लिहितो. पण अमेरिकेतल्या मामाने किंवा काकाने वीस वर्षांपूर्वी भावंडांसाठी अर्ज टाकलेला असतो आणि घरात सगळे विसरलेले असतात. आधी फोन करून विचारा. होता असेल तर ‘हो’ लिहा आणि आता फक्त भेटायला चाललोय हे मुलाखतीत सांगा. त्या ‘हो’ने व्हिसा आपोआप नाकारला जात नाही. जाणूनबुजून दिलेली खोटी माहिती मात्र कायमची बंदी आणू शकते.

सोशल मीडिया. गेल्या पाच वर्षांत वापरलेली खाती द्यावी लागतात. बाबांचं धूळ खात पडलेलं फेसबुकसुद्धा.

वीस मिनिटं हात लागला नाही तर पान बंद होतं. सुरुवातीलाच मिळणारा अर्ज क्रमांक लिहून ठेवा आणि दर पानावर सेव्ह करा. फोटो दोन इंच बाय दोन इंच, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, चष्मा काढून. अर्ज पूर्ण झाल्यावर बारकोडचं पान छापा. भेटीची वेळ ज्या बारकोडवर घेतली, तोच बारकोड मुलाखतीला न्यायचा. मधे अर्ज बदलून नवा केला असेल तर भेटीच्या खात्यातही नवा क्रमांक घाला.

४. शुल्क आणि मुलाखत

बी-२ व्हिसाचं शुल्क १७ जून २०२३ पासून माणशी १८५ डॉलर आहे. व्हिसा मिळो वा न मिळो, ते परत मिळत नाही. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्यात आणखी २५० डॉलरच्या शुल्काची तरतूद आहे, म्हणून पैसे भरायच्या दिवशी दूतावासाच्या अधिकृत साइटवर आकडा बघूनच भरा.

भारतात दोन फेऱ्या असतात. आधी व्हिसा अर्ज केंद्रात बोटांचे ठसे आणि फोटो, नंतर वकिलातीत मुलाखत. महाराष्ट्रातल्या बहुतेकांची मुलाखत मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात होते. आई-बाबांची भेट एकाच वेळेची घ्या, म्हणजे ते खिडकीशी एकत्र उभे राहतील. मोबाइल आत नेता येत नाही, त्यामुळे बाहेर कुणीतरी सोबत हवं.

एक बदल लक्षात ठेवा. पूर्वी ७९ वर्षांवरच्या ज्येष्ठांना मुलाखतीतून सरसकट सूट होती, ती २ सप्टेंबर २०२५ पासून बंद झाली. आजोबा ८२ वर्षांचे आहेत म्हणून ड्रॉपबॉक्समध्ये कागद टाकून काम होईल, असं आता गृहीत धरू नका. ज्यांचा आधीचा दहा वर्षांचा व्हिसा बारा महिन्यांच्या आत संपला आहे, त्यांना नूतनीकरणासाठी सूट मिळू शकते.

कायदा असा आहे की परत जाणार हे तुम्ही पटवून देईपर्यंत अधिकारी तुम्हाला कायमचे राहायला आलेले मानतो. म्हणून भारतात आपलं काय काय आहे हे आई-बाबांच्या तोंडून सहज आलं पाहिजे: घर, पेन्शन, शेती, दुसरा मुलगा, आजीची जबाबदारी. मुलाखत दोन-तीन मिनिटांत संपते आणि कागद बघतीलच असं नाही. मुलाचं निमंत्रणपत्र किंवा खर्चाची हमी देणारं शपथपत्र या व्हिसाला सक्तीचं नाही. तरीही फाइलमध्ये हे असू द्या:

- चालू आणि जुने पासपोर्ट, बारकोडचं पान, भेटीचं पत्र
- पेन्शनचे कागद किंवा नोकरीचं पत्र, बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट
- घराचे, शेतीचे कागद
- मुलाच्या पासपोर्ट-व्हिसाची किंवा ग्रीन कार्डाची प्रत, नोकरीचं पत्र, पगाराच्या स्लिपा
- कारण असेल तर त्याचा कागद, उदाहरणार्थ प्रसूतीची तारीख दिलेलं डॉक्टरांचं पत्र

मुंबईत मराठीत बोलता येतं. आईला इंग्रजी जड जात असेल तर तिने सुरुवातीलाच मराठीत बोलायचं आहे असं सांगावं. पाठ केलेल्या इंग्रजी वाक्यांपेक्षा मराठीतलं सरळ उत्तर कितीतरी चांगलं. मी आईला उत्तरं पाठ करायला लावली होती, आणि खिडकीशी ती पाठांतर विसरली म्हणून घाबरली. सासूबाईंच्या वेळी एवढंच सांगितलं, ‘जे आहे ते सांगा.’

नातवंडाबद्दल खास. ‘मुलीचं बाळंतपण आहे, तिच्यासोबत राहायला चाललेय’ हे खरं कारण आहे आणि ते सांगण्यात काही वावगं नाही. आजी नातवाला खेळवेल, मुलीला डिंकाचे लाडू करून घालेल. पण पगारी दाई किंवा आया ठेवण्याऐवजी आईला बोलावून त्या कामाचे पैसे देणं या व्हिसावर चालत नाही. सहा महिने राहायचं असेल तर सहा महिने सांगा. महिनाभर सांगून सहा महिने राहिलात, तर पुढच्या खेपेला त्याचं उत्तर द्यावं लागेल.

नकार आलाच तर हातात कागद देतात. त्यावर २१४(बी) असेल तर परत जाण्याबद्दल खात्री पटली नाही असा अर्थ. पुन्हा अर्ज करता येतो, पण परिस्थितीत किंवा सांगण्यासारख्या गोष्टींत काही बदल नसेल तर लगेच करण्यात अर्थ नाही. २२१(जी) असेल तर काही कागद किंवा तपासणी बाकी आहे.

५. विमा आणि औषधं

व्हिसासाठी विम्याची सक्ती नाही. पण विम्याशिवाय आई-वडिलांना इथे आणू नका, हे मी हात जोडून सांगते. सरकारी मेडिकेअर पाहुण्यांना मिळत नाही. इमर्जन्सीत रुग्णालयाला पैशांचा विचार न करता तपासून, प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार करावे लागतात, तसा १९८६ चा कायदा आहे. पण नंतर बिल येतं, आणि ते घरापर्यंत येतं.

विमे दोन प्रकारचे. एकात प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम मिळते, बाकीचं आपलं. हे स्वस्त असतात आणि मोठ्या आजारात अगदी तोकडे पडतात. दुसऱ्यात डिडक्टिबल, म्हणजे आधी आपण भरायची ठरावीक रक्कम, भरल्यावर ठरलेल्या मर्यादेपर्यंत बिलाचा मोठा वाटा विमा कंपनी उचलते. दुसरा घ्या. मग पॉलिसीत एकच गोष्ट शोधा: आधीपासूनच्या आजाराबद्दल काय लिहिलंय. बीपी, मधुमेह, स्टेंट असलेल्यांना बहुतेक पॉलिसी त्या आजाराच्या ‘अचानक उद्भवलेल्या झटक्या’पुरतंच संरक्षण देतात, तेही वयाच्या आणि रकमेच्या मर्यादेत. ७० आणि ८० वर्षांच्या पुढे मर्यादा झपाट्याने खाली येते. विमा भारतातून निघायच्या दिवसापासून सुरू करा, आणि तो पुढे वाढवता येतो का ते घेतानाच विचारा.

औषधांचा नियम साधारण ९० दिवसांपुरतं न्यावं असा आहे, आणि मुक्काम सहा महिन्यांचा असतो. पहिले तीन महिने मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणा. चिठ्ठीवर ब्रँडसोबत औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कारण भारतातलं ब्रँडचं नाव इथल्या डॉक्टरला कळत नाही. पुढच्या तीन महिन्यांची सोय आधी ठरवा: इथल्या डॉक्टरकडे एक भेट, किंवा चिठ्ठी आणि व्हिसाची प्रत जोडून मागवलेलं पार्सल. गोळ्या संपत आल्यावर धावपळ करू नका. आणि हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनमध्ये नाही.

६. घर बंद करताना

हा भाग व्हिसाचा नाही, पण सहा महिने बाहेर राहायचं तर यावाचून अडतं. बाबांचा भारतातला मोबाइल नंबर चालू ठेवा आणि त्यावर इथे एसएमएस येतात का ते निघण्याआधी कंपनीकडून तपासून घ्या. बँकेचे सगळे ओटीपी त्यावर येतात. पेन्शनधारकांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावा लागतो. तेव्हा इथे असाल तर जीवन प्रमाणची, म्हणजे हा दाखला ऑनलाइन देण्याची, सोय निघण्याआधीच मोबाइलवर लावून एकदा चालवून बघा, नाहीतर भारतीय वकिलातीकडून दाखला घेता येतो. घरपट्टी, सोसायटीचा मेंटेनन्स, विजेचं बिल, लॉकरचं भाडं यांची यादी भावाकडे द्या.

७. विमानतळावर

तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा. आई धडधाकट असली तरी मागा. मोठ्या विमानतळावर विमान बदलणं आणि इमिग्रेशनच्या रांगेत तास-दीड तास उभं राहणं हे प्रवासाने शिणलेल्या माणसाला सोपं नाही, शिवाय सोबतीला माणूस मिळतो.

आईच्या पर्समध्ये एक कागद: तुमचं नाव, पत्ता, फोन, परतीची तारीख, आजार आणि औषधं. अधिकारी विचारतो ते साधंच असतं. कुणाकडे, किती दिवस, परतीचं तिकीट आहे का. समजलं नाही तर ‘मराठी इंटरप्रीटर’ एवढे दोन शब्द पुरतात. अंदाजाने ‘येस’ म्हणू नये. आईने एकदा असं केलं आणि साध्या प्रश्नाची पाच मिनिटं झाली.

खाण्याचं सामान असेल तर ‘हो, आहे’ सांगायचं. लोणचं, पापड, मेतकूट, चकल्या सांगून दाखवल्या तर सहसा जाऊ देतात. ताजी फळं, भाज्या, मांसाचे पदार्थ नकोत. ताजा कढीपत्ता अजिबात नको, त्यावर बंदी आहे. दडवलेला पदार्थ सापडला तर दंड होतो. दहा हजार डॉलरच्या वर रोकड असेल, म्हणजे कुटुंबाची मिळून, तर तीही सांगावी लागते.

८. आय-९४ त्याच रात्री उतरवून घ्या

पासपोर्टवर शिक्का बघत बसू नका, अनेक ठिकाणी आता तो मारतही नाहीत. घरी आल्यावर सीबीपीच्या आय-९४ च्या सरकारी साइटवर नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक टाकून नोंद उघडा. हे फुकट आहे. त्याच नावासारख्या खासगी साइट पैसे मागतात, तिथून मागे फिरा.

चार गोष्टी तपासा: नाव, पासपोर्ट क्रमांक, वर्ग बी-२ आहे का आणि शेवटची तारीख. चूक दिसली तर सीबीपीच्या डिफर्ड इन्स्पेक्शन कार्यालयात दुरुस्त करून मिळते, पण लगेच जा. मग आई आणि बाबा, प्रत्येकाची तारीख वेगवेगळी लिहा. कागदावर, फ्रिजवर, फोनमध्ये दोन महिने आधीच्या आठवणीसह. आमच्याकडे हेच राहिलं होतं. एकत्र आलेल्यांचीही तारीख एकच असेल असं समजू नका.

सहा महिने म्हणजे १८० दिवस असा हिशेब मनाने करू नका, नोंदीतली तारीख वाचा. आणि परतीचं विमान मध्यरात्रीनंतरचं असेल तर दोनदा बघा. मुदत १० तारखेपर्यंत आहे आणि विमान रात्री पाऊण वाजता सुटतंय, तर ते ११ तारखेचं विमान आहे.

कॅनडाला चार दिवस जाऊन आलो की नवे सहा महिने मिळतात, हा समज मी किमान पाच घरांत ऐकलाय. तीस दिवसांच्या आतल्या अशा फेरीनंतर बहुधा जुनाच आय-९४ चालू राहतो. शिवाय भारतीय पासपोर्टला कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो, तो भाग निराळाच.

९. मुदतवाढ: आय-५३९

आता मुख्य गोष्ट. थांबायला खरं कारण असेल तर सहा महिन्यांच्या वर मुदत मागता येते. अर्ज यूएससीआयएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे, फॉर्म आय-५३९. एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने वाढतात.

अर्ज आय-९४ ची तारीख उलटण्याआधी त्यांच्याकडे पोचलेला असला पाहिजे. किमान ४५ दिवस आधी करा असं यूएससीआयएस स्वतः सांगतं. मी अकरा दिवस उरले असताना ऑनलाइन केला आणि तो वेळेत धरला गेला, पण ते दिवस मला पुन्हा नकोत. १ एप्रिल २०२४ पासून शुल्क ऑनलाइन ४२० डॉलर, कागदी अर्जाला ४७०. पूर्वी बोटांच्या ठशांचे वेगळे पैसे घेत, ते १ ऑक्टोबर २०२३ पासून बंद झाले. ठशांना बोलावलं तर मात्र जायचं. नवरा-बायको दोघांची मुदत वाढवायची असेल तर एकाचा आय-५३९ आणि दुसऱ्याचा त्याला जोडलेला आय-५३९-ए, शुल्क एकदाच. सही दोघांनी आपापली करायची.

सोबत लागतं ते:

- आय-९४, पासपोर्टची पानं, व्हिसाची प्रत
- कारण सांगणारं पत्र, आई-वडिलांच्या सहीचं
- खर्च कसा भागणार याचा पुरावा: त्यांचं बँक स्टेटमेंट, तुमच्या पगाराच्या स्लिपा
- परतीचं तिकीट, नव्या तारखेचं
- भारतात परतण्याची कारणं दाखवणारे कागद
- आजारपण असेल तर इथल्या डॉक्टरांचं पत्र

मराठीतल्या प्रत्येक कागदाला पूर्ण इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं, आणि भाषांतर करणाऱ्याने ते अचूक असल्याचं व आपल्याला दोन्ही भाषा येतात असं सही करून लिहायचं. सातबारा उतारा जोडायचा तर हे आलंच. मी आधी उतारा तसाच जोडला होता, नशिबाने पाठवण्याआधी एका मैत्रिणीच्या लक्षात आलं.

पत्र एका पानाचं पुरे. आईच्या पत्रात तीन गोष्टी होत्या: का थांबायचंय, १२ ऑक्टोबरला जाणार आहे, आणि तोपर्यंतचा खर्च कोण करणार. ‘अजून थोडे दिवस राहावंसं वाटतं’ एवढ्यावर सोडू नका. आणि कारण खरंच द्या.

अर्ज केल्यावर आय-७९७सी नावाची पोचपावती येते. तिच्या तीन प्रती काढा. अर्ज वेळेत आणि प्रामाणिक असेल तर निर्णय येईपर्यंतचा काळ बेकायदेशीर मुक्काम म्हणून मोजला जात नाही, मूळ तारीख उलटली तरी. निर्णयाला कित्येक महिने लागतात. माणूस परत जातो आणि अर्ज तसाच पडून असतो. आईचं असंच झालं. ती मागितलेल्या तारखेला गेली, अर्ज तिथेच संपला. तीन वर्षांनी पुन्हा आली तेव्हा अधिकाऱ्याने विचारलं, तिने पर्समधून पोचपावती काढून दिली, आणि तिला पुन्हा सहा महिने मिळाले.

पण निर्णय आला नाही म्हणून मागितलेल्या तारखेच्या पुढे राहू नका. पडून असलेल्या अर्जाचं छत्र त्या तारखेपुरतंच समजा. नकार आला आणि मूळ आय-९४ संपलेला असेल तर बेकायदेशीर मुक्काम दुसऱ्या दिवसापासून मोजायला लागतो. त्या दिवशी आधी तिकीट बघा आणि वकिलाला फोन करा.

माझं स्पष्ट मत विचाराल तर आजारपण, अवघड बाळंतपण, घरातली गरज असेल तरच मुदतवाढ मागा. दर खेपेला मागू नका. ‘जितके महिने इथे राहिलो तितके महिने भारतात राहिल्याशिवाय परत येता येत नाही’ असा लेखी नियम कुठेही नाही. पण अधिकाऱ्यासमोर सगळ्या खेपा असतात, आणि वर्षातले नऊ-दहा महिने इथेच दिसले तर ही भेट आहे की राहणं, हे तो विचारणारच. सासूबाई दरवर्षी पाच महिने येतात, दिवाळी भारतात करतात. आजवर कुणी काही विचारलेलं नाही.

१०. परत जाताना

अमेरिकेतून बाहेर पडताना शिक्का मारत नाहीत. विमान कंपनीच्या नोंदीवरून आपण गेल्याचं कळतं. म्हणून बोर्डिंग पास जपून ठेवा, त्याचा फोटो काढा. आई-बाबा घरी पोचल्यावर आठवड्याभराने आय-९४ च्या त्याच साइटवर प्रवासाचा इतिहास उघडा आणि जाण्याची तारीख चढली आहे का ते बघा. चढली नसेल तर बोर्डिंग पास आणि भारतातल्या आगमनाचा शिक्का असलेलं पान एका पाकिटात घालून, पोचपावतीसोबत, पासपोर्टच्या जोडीला ठेवून द्या.